पूर्वीच्या बोटांचा रिपोर्ट

वरोर, सोमवार

चि. सोनल हिला रंभाताईचे टोपलीभर आशीर्वाद. ओंकाररावांना नमस्कार, आईच्या पाया पडते.

सोनल, तू, मी, आई आणि मासळीच्या पाटीत हात घालून जिची बोटं गुळगुळीत झाली अशी या किनाऱ्यावरची प्रत्येक बाई, आपल्या सगळ्यांचं एक दुखणं सारखं आहे. आपल्याला अख्खं जग ओळखतं. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखतं, मांजर पावलांवरून ओळखतं, पण रेशनच्या दुकानातलं वीतभर मशीन ओळखत नाही. अंगठा ठेवला की लाल दिवा. "अंगूठो नथी आवतो, मासी. काले आवजो," म्हणजे अंगठा येत नाही, उद्या या, असं दुकानदार प्रितेशभाई म्हणतो, आणि तो बिचारा इतका ओशाळून म्हणतो की त्याच्याशी भांडायचीही सोय राहत नाही. (मी तरी भांडते. तो विषय वेगळा.) दिवाळीपासून आई तुझ्याकडे वेवजीला आहे, पण तिचं कार्ड इथलंच. मागे तीन खेपा ती इथवर आली आणि तीनही वेळा रिकाम्या पिशवीने परत गेली. "मी आहे हे त्याला पटतच नाही गो," म्हणाली. हसत म्हणाली, आणि रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली.

तुझे गुडघे कसे आहेत? ओंकाररावांचं पित्त? इकडे मी ठणठणीत आहे आणि तुझी लेक पूर्वी माझ्याहून ठणठणीत आहे. निदान शनिवारपर्यंत होती. शनिवारी ओंकाररावांचा मेसेज आला की मुलगी असामान्य असल्याचं शास्त्राने सिद्ध झालं आहे, गुरुवारी येऊन तिला घाटावरच्या त्या निवासी शाळेत नेतो, दिवाळीपर्यंत घरी सोडत नाहीत. पोरीने तो मेसेज वाचला, माझा फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "मावशी, तिथे समुद्र नसेल ना?" आठ वर्षांची आहे ती, सोनल. मी तालुकाभर सभा गाजवलेली बाई, उठून भांडी घासायला लागले. म्हणून हे पत्र. फोन करत नाही, कारण तुझा फोन ओंकारराव स्पीकरवर टाकतात. शेजारची जानी आत्या उद्या सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला निघाली आहे, तिच्या टोपलीतून पाठवते. वास आला तर तो बोंबलांचा समज, मजकुराचा नव्हे.

आता सगळं सुरुवातीपासून सांगते. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तू पोर माझ्या हवाली केलीस आणि म्हणालीस, "ताई, तू एवढं वाचतेस, हिला जरा वळण लाव." मी गावच्या वाचनालयाचं कपाट उघडलं, बालशिक्षणावरची सगळी पुस्तकं काढली आणि भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी पाढे, मग सुभाषितं, मग थोर स्त्रियांची चरित्रं. पहिल्या दिवशी पाढ्यांच्या वेळेला पूर्वीने विचारलं, बोंबील वाळल्यावर हलका होतो, मग त्याचा वास जड का होतो? सुभाषितांच्या वेळेला विचारलं, मेलेले दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगले तर दिवसभर सुटत नाहीत, मग मेल्यावर त्यांना आठवतं कसं की सोडायचं नाही? चरित्रांपर्यंत आम्ही पोचलोच नाही, कारण तिने शंख कानाला लावला, मग स्टीलचा तांब्या लावला, आणि म्हणाली, तांब्यात विहिरीचं पाणी होतं तरी आतून समुद्रच ऐकू येतो, असं का? मी ठासून उत्तर दिलं. (ठासून दिलेलं उत्तर चुकीचं असलं तरी समोरचा गप्प बसतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. पूर्वी बसली नाही. तिने घरातली बावीस भांडी कानाला लावली. पिठाच्या डब्यातही समुद्र आहे.)

दुसऱ्या आठवड्यात तिने जानी आत्याच्या ओट्यावर बैठक मारली आणि करंदी सोलायला शिकायचंच म्हणाली. ओरडू नकोस. मीही ओरडले होते. तिला बघायचं होतं की आत्याची बोटं डोळे मिटूनही डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे कसं ओळखतात. पोरीने स्वतःही डोळे मिटून सोलली. चार दिवसांत बोटांच्या टोकांची सालं निघाली, आणि नेमकं तेव्हाच ओंकाररावांनी ते पत्रक पाठवलं, 'बोटांच्या ठशांवरून ओळखा मुलाची प्रतिभा'. डहाणूला हॉलमध्ये शिबिर आहे, ताई, तुम्हाला जवळ पडेल, तिला नेऊन आणा, असं म्हणाले. मी नेलं. पत्रकातल्या एका शब्दावर माझा विश्वास नव्हता, पण ज्यावर विश्वास नाही ते जवळून बघावं म्हणजे बोलताना मुद्दे मिळतात.

हॉलमध्ये मे महिन्यात कोट घातलेले एक सर होते. ओंकाररावांचा नंबर, पूर्वीचं नाव, सगळं संगणकात भरून झालं आणि पूर्वीने बोट ठेवलं. लाल. दुसरं ठेवलं, लाल. दहाही लाल. सर मान हलवून म्हणाले, "मॅडम, या मुलीचं काही दिसत नाही."

सोनल, काही दिसत नाही म्हणे. आपल्या आईला जे ऐकावं लागलं तेच त्या कोटवाल्याने माझ्या भाचीला तोंडावर सांगितलं. मी उभी राहिले. माईक समोरच होता. मी म्हटलं, ज्या बोटांनी या तालुक्याला जेवू घातलं ती बोटं तुमच्या काचेला दिसत नसतील तर डोळे तपासायचे कुणाचे? मी म्हटलं, मुलं म्हणजे कोरी वही नव्हे, की आलात आणि शिक्का मारून गेलात. मुलांचं ऐका, मी म्हटलं, मूल बोलतं तेव्हा मोठ्यांनी तोंड मिटावं, हेच शिक्षणाचं पहिलं सूत्र. वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. एका चिकूच्या बागायतदार बाईने डोळे पुसले. शेवटी मशीन दिव्याखाली ओढलं, आणि दिवा हिरवा झाला. दहाच्या दहा वेळा हिरवा. सरांनी अभिनंदन केलं, रिपोर्ट दोन दिवसांनी वडिलांच्या फोनवर येईल म्हणाले, आणि आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो. म्हणजे माझी मुद्रा विजयी होती. पूर्वी गप्प होती. मला वाटलं, माझ्या भाषणाने भारावली असेल.

आता उपदेश, कारण वळण लावायचं काम तू मला दिलं होतंस. हुशार मुलाला वाढवायचं म्हणजे त्याच्या प्रश्नाच्या आड यायचं नाही, बस. प्रश्नाला उत्तर नसेल तर तांब्या द्यावा. मूल कुठल्या उंचीवर पोचेल हे बघायला त्याला घाटावर चढवायची गरज नसते. ते आत्ता कुठे उकिडवं बसलं आहे ते वाकून बघावं. आणि जो माणूस मूल न बघता मुलाचा कागद बघतो, त्याच्या हातात मूल देऊ नये, मग तो माणूस बाप असला तरी. (हे वाक्य ओंकाररावांना वाचून दाखवताना गाळ. नको, गाळू नकोस.)

बाकी क्षेम. आईला म्हणावं, यंदा जवळा चांगला सुकला आहे.

तुझीच,
रंभाताई

ता. क. दिवा हिरवा कसा झाला ते घाईत राहिलं. भाषणाच्या भरात मी त्यांना दाखवायला गेले की हे मशीन आमच्या कुणाचीच बोटं वाचत नाही, आणि माझं बोट ठेवलं. ते नेमकं वाचलं, कारण आदल्या दिवशी पूर्वीने मला सांगितलं होतं की बोट आधी तेल लावलेल्या केसांवर घासायचं, आणि मी बोलता बोलता घासलं. एक वाचलं म्हणून दुसरं ठेवलं. पडद्यावर नाव पूर्वीचंच उघडं होतं. थोडक्यात, ओंकाररावांच्या फोनवर जी असामान्य मुलगी आली आहे, ती अठ्ठावन्न वर्षांची आहे.

ता. क. २. ओंकाररावांनी मेसेजसोबत धाडलेल्या रिपोर्टमध्ये लिहिलं आहे, 'मूल अबोल असून दुसऱ्याचं शांतपणे ऐकून घेते.' हे वाचून मी दोन तास बोलत होते. मग पूर्वी हळूच म्हणाली, "मावशी, हॉलमध्ये मी तुला तीनदा सांगितलं, ही तुझी बोटं जातायत. तू ऐकलंच नाहीस." सोनल, मी माईकवरून 'मुलांचं ऐका' म्हणत होते आणि ते मूल माझा पदर ओढत होतं. त्यानंतर मी कुणाशी फारसं बोललेले नाही. रिपोर्ट खरा होतो आहे की काय कोण जाणे.

ता. क. ३. आता खरं काम. आठवडाभर पूर्वी रोज सकाळी प्रितेशभाईच्या दुकानासमोर वही घेऊन बसते. एकतीस अंगठे तपासून झाले. वहीतलं जसंच्या तसं उतरवते: 'सुकं बोट, केसांवर घासा. ओलं बोट, पदराला पुसा आणि शंभर मोजा. बर्फातलं बोट, चहाचा ग्लास धरा. साल निघालेलं बोट (माझं), त्याला सुट्टी द्या.' तेवीस बायांना धान्य मिळालं. प्रितेशभाई तिला 'डॉक्टरबेन' म्हणतो आणि बसायला खोका देतो. जानी आत्याचा अंगठा गेल्या सोमवारी दोन वर्षांनी आला, तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगठाच दाखवते. वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: 'आजी. अजून पाहिली नाही.'

तेव्हा गुरुवारी ओंकाररावांना एकट्याने येऊ देऊ नकोस. आईला घेऊन तिघंही सकाळी दहाला रेशनच्या दुकानासमोर या. शाळेचं काय करायचं ते त्या खोक्याशेजारी उभं राहून ठरवू. आईच्या केसांना मात्र तेल लावून आण.