तात्यांशी भांडण चालू आहे

अण्णा, तात्यांशी आपलं भांडण अजून चालू आहे. म्हणजे मीच चालू ठेवलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहते, दिंडोरीला फक्त सुट्टीच्या दिवशी येते, तरी आपल्या आणि तात्यांच्या बागेमधली ती पट्टी मी सोडलेली नाही. वर डोंगरातल्या जंगलापासून खाली थेट नदीपर्यंत. कोर्टानं ‘जैसे थे’ म्हटलं, तुम्ही दोघे शेजारी हट्टाला पेटलात, नांगर कोणीच घातला नाही, आणि तेवढ्या वर्षांत तिथं बोरी, बाभळी, करवंदं माजली. आजूबाजूला मैलभर नुसत्या द्राक्षबागा आणि जाळ्या.

मी शाळेत होते तेव्हाचं आठवतं, द्राक्षांची एप्रिल छाटणी चालू आहे. मी करवंदं खायला पट्टीत शिरलेय आणि तुम्ही हातात कात्री घेऊन ओरडताय, “बाहेर ये! केस चालू हाय, तात्या म्हनंल पोरीला कब्जा घ्यायला धाडलं!” मी रडत घरी. संध्याकाळी तुम्ही माझ्या कंपासपेटीत साळिंदराचा एक काटा ठेवलात. “पट्टीत सापडला. आपल्या अर्ध्यात हां, तात्याच्या नाय.” मला तेव्हा वाटलं होतं, साळिंदराला पण सातबारा माहीत असतो.

मागच्या उन्हाळ्यात मी तिथल्या बाभळीला कॅमेरा बांधला. साळिंदर, रानमांजर, कोल्ह्यांची जोडी, तरस. सगळे डोंगरावरून पट्टीनं खाली यायचे आणि नदी समोर दिसत असताना अडायचे, कारण शेवटी आपलीच जाळी होती, तात्यांच्या म्हशी येऊ नयेत म्हणून तुम्ही ठोकलेली. मग वळसा घालून रस्त्यावर. एक तरस मादी तिथंच ट्रकखाली गेली. डाव्या कानाला खाच असलेली, मी तिला फोटोत दर खेपेला बघायचे. दुसऱ्या दिवशी मी जाळी कापली. रागावू नका. घाणेरी उपटून काढली, नदीकडच्या मोकळ्या तुकड्यात उंबर आणि करंज लावले. थोड्या दिवसांनी मातीत उलट्या दिशेची पावलं दिसायला लागली. पाणी पिऊन परत जाणारी.

आणि नेमकी तेव्हाच तडजोडीची गोष्ट निघाली. तात्यांच्या मुलाला नवीन बाग लावायची होती. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “मिटव बाई एकदाचं. अर्धी त्यांची, अर्धी आपली. सही कर आन मोकळी हो.” अर्धी अर्धी म्हणजे जेसीबी, सपाट जमीन, वेली. डोंगर आणि नदी पुन्हा तुटले असते, यावेळी कायमचे. मी आईला नाही म्हटलं आणि तशीच तात्यांकडे गेले. ते शेडमध्ये क्रेट उपडं घालून बसले होते.

“तात्या, मला भांडण मिटवायचं नाही.”

“मंग?”

“चालू ठेवायचंय.”

मी मोबाईलवर फोटो दाखवले. पिल्लाला घेऊन चाललेली दुसरी तरस मादी बघून त्यांनी चष्मा पुसला. “ही माझ्या हद्दीतून गेली?”

“आपल्या.”

“माझ्या.”

“बरं, वादातल्या. तात्या, अण्णांची पण इच्छा होती की पट्टी अशीच राहावी.”

“खोटं नको बोलू, पोरी. तुझा बाप म्हनला असता, तात्याला वीतभर देऊ नको.”

“मग नाही देत.”

तात्या हसले, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. मग गंभीर झाले. “पोरगं लय तापंल माझं.”

“तापू दे. तुम्ही माघार घेणार का?”

“मी? हट्! मी नाय सही करत.”

वाटणीसाठी बोलावलेले मोजणीवाले आले तसे गेले. ‘प्राण्यांसाठी सोडा’ म्हटलं असतं तर गावानं आम्हाला येड्यात काढलं असतं. बांधाच्या भांडणात मात्र कोणी मध्ये पडत नाही.

ते जिवंत दिसावं म्हणून आम्ही अधूनमधून समोरासमोर उभं राहून ओरडतो. परवा त्यांचा मुलगा जवळच होता, म्हणून मी जरा जोर लावला. “ए बांधकोऱ्या!” दुसऱ्याचा बांध कोरणाऱ्याला द्यायची ती शिवी, तुमची ठरलेली. तात्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला. मुलगा ट्रॅक्टरकडे वळला तसे ते जवळ आले. “परत म्हन की एकदा. तुझ्या बापासारखं.”

हे लिहिलेलं मी इथून नाशिकला निघायच्या आत फाडणार आहे. आईच्या हाती लागलं तर सगळं नाटक उघडं पडेल. त्या दिवशी तात्यांना मी सांगितलं, परत नाही म्हणता येत, घसा बसलाय. घसा चांगला होता, अण्णा.