पांढऱ्या गाडीचा निळा धूर

मुक्ताईनगर, मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप जीवराममामांस,
सरिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे कान गॅरेजच्या ठोकाठोकीत गेले आणि मोबाईलला हात लावायचा नाही हा तुमचा हट्ट, म्हणून हे पत्र रुपचंदभाऊंच्या केळीच्या गाडीने पाठवते आहे. उत्तर त्यांच्याच हाती द्या.

आईचं छान चाललंय असं लिहिणार होते, पण तुमच्या बहिणीबद्दल तुमच्याशीच खोटं कशाला बोलू? मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. आबा गेल्यापासून त्यांची जुनी पांढरी गाडी मीच चालवते. गेले दोन महिने ती तेल पिते आणि मागून निळा धूर सोडते. आज नशिराबादजवळ तेलाचा लाल दिवा लुकलुकला. मी घाबरून आणखी अर्धा लिटर ऑइल ओतलं आणि कशीबशी जळगावला पोचले. मागच्या सीटवर आडवी पडलेली आई त्या वासाने सारखी खोकत होती.

इथला मेस्त्री म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल, बारा दिवस लागतील. सोमवारी गाडी आणून लावा म्हणाला. बारा दिवस म्हणजे आईच्या चार फेऱ्या. मागच्या महिन्यात भाड्याची गाडी ऐनवेळी आली नाही, एकच फेरी चुकली आणि आईला श्वास घेता येईना. ते पुन्हा बघायची माझी ताकद नाही. इंजिन उघडू की नको, एवढंच सांगा.

लोभ आहेच, या वेळी त्याहून जास्त उत्तराची वाट बघते.
तुमची सरिता

---

धुळे, बुधवार, ५ फेब्रुवारी

चि. सरितास, अनेक आशीर्वाद.

इंजिन उघडायचं नाही. पोट दुखलं म्हणून कोणी लगेच पोट फाडत नाही. माझा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, नाहीतर आजच एसटीत बसलो असतो. आता तुझ्या डोळ्यांनी बघणं भाग आहे.

सकाळी गाडी सुरू करताना एक भपका येऊन धूर थांबत असेल, तर वॉल्व्हचे सील गेले. चढावर जोर दिल्यावर वाढत असेल, तर रिंगा. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढ आणि वर तळहात धर. आतून हवा जोरात आली तर तुझा मेस्त्री खरा, मी गप्प बसेन. एअर फिल्टरचा डबा उघडून आत बोट फिरव. आणि तेल मोजायची पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलने तिची आकृती काढ, सगळ्या रेषांसकट. शुक्रवारी गाडी हळू ने. दिवा लागला तर बाजूला थांब, पण ऑइल ओतू नकोस.

अक्काला माझा नमस्कार सांग. मला काळजी वाटते हे मात्र सांगू नकोस.
तुझा जीवराममामा

---

मुक्ताईनगर, शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस, सा. न. वि. वि.

सकाळी सुरू करताना धूर नाही. चढावरही वेगळा वाढत नाही. भुसावळ सोडून वेग घेतला, की मग येतो. झाकणावर हात धरला तर कोमट फुंकर आली, जोर नव्हता. फिल्टरचा डबा मात्र तेलाने ओलाचिंब आहे.

आज हळू चालवूनही दिवा दोनदा लागला. दोन्ही वेळा थांबले. आईने आरशात माझा चेहरा बघून काय झालं विचारलं, मी काही नाही म्हणाले. मामा, मला फार भीती वाटते. आबांनी चोवीस वर्षं जपलेली गाडी मी दोन महिन्यांत घालवली. मेस्त्रीचा फोन आला होता, सोमवारी नक्की ना म्हणून. मी हो म्हणून बसले.

पट्टीची आकृती सोबत आहे. तेल मी कायम वरच्या रेषेपर्यंत ठेवते, तरी पुढच्या फेरीला ते खालच्या रेषेच्याही खाली गेलेलं असतं. पट्टीच्या अगदी टोकाला एक ओरखडा दिसला, तोही काढलाय. कुठेतरी घासली असेल, तो धरू नका.

काही चुकलं असेल तर रागवा, पण सोमवारच्या आधी रागवा.
तुमची सरिता

---

धुळे, शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. सरितास आशीर्वाद.

रुपचंद गाडी चालू ठेवून दारात उभा आहे. नीट वाच.

तो ओरखडा नाही. ती खाच मी कानशीने पाडली आहे. अकरा वर्षांपूर्वी मूळ पट्टी तुटली, तेव्हा मी दुसऱ्या गाडीची बसवली. ती बोटभर आखूड आहे, म्हणून तिच्यावरच्या कंपनीच्या रेषा तुमच्या इंजिनात हव्या त्यापेक्षा वर राहतात. तेल त्या खाचेपर्यंतच हवं. हे मी फक्त तुझ्या आबांना सांगितलं. आमच्या धंद्यात लिहून कोण ठेवतं? हाताखालून इतक्या गाड्या गेल्या की मीही विसरून गेलो होतो. कागदावर ती खाच बघितली आणि सगळं आठवलं.

तू दीड-दोन लिटर ऑइल जास्त घालून चालवते आहेस. इतकं झालं की इंजिन ते घुसळतं आणि फेस होतो. फेसामुळे तेलाचा दाब कमी होतो, म्हणून दिवा लागतो. वर उडालेलं तेल फिल्टरमधून आत जाऊन जळतं, त्याचा धूर. पातळी कमी दिसली की तू आणखी ओततेस, म्हणून हे थांबतच नाही. इंजिनाखालचा बोल्ट सोडून खाचेपर्यंत ऑइल काढ, फिल्टर नवा बसव. मेस्त्रीला ही पट्टी दाखव, पण इंजिनाला हात लावू देऊ नकोस.

चूक माझी आहे पोरी, तुझी नाही. अक्का माझ्यामुळे खोकली हे मला सहन होत नाही. मंगळवारचं काय झालं ते लिही, तोवर मला अन्न गोड लागणार नाही.
मामा

---

मुक्ताईनगर, मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस, सा. न. वि. वि.

आता पोटभर जेवा. मेस्त्रीने पट्टी उलटसुलट करून बघितली, मग स्वतःच गाडीखाली शिरून बोल्ट सोडला. पावणेदोन लिटर निघालं.

आज जळगावला जाऊन आलो. दिवा लागला नाही, धूर नाही. तरी भुसावळपर्यंत माझं अर्धं लक्ष आरशातच होतं. पुढे मागच्या सीटवर आई इतकी शांत झाली, की नशिराबादला गाडी बाजूला घेऊन मी तिच्या नाकाशी हात धरला. तिने डोळे उघडले आणि का थांबलीस म्हणून मलाच रागावली. कितीतरी दिवसांनी ती रस्त्यात झोपली होती, मामा. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

तुमच्या खाचेची गोष्ट तिला सांगितली. ती हसून माहेरच्या अहिराणीत म्हणाली, की जीवराम पहिलेपाईन असाच शे, काम करस पन सांगत नही. प्लॅस्टर निघालं की या, तिला तुम्हाला बघायचंय.

एक तुम्हाला लिहायचं राहिलं. आबा रोज पट्टी पुसून तिच्या टोकावर अंगठ्याचं नख टेकवायचे. मला वाटायचं, मळ काढतात. मी शेजारीच उभी असायचे, पण एकदाही विचारलं नाही. आज सकाळी निघण्याआधी तेल बघितलं आणि मीही नख टेकवलं. ते खाचेत बरोबर बसलं.

लोभ आहे तसाच असू द्या, आणि यापुढे जे सांगायचं ते लिहून ठेवा.
तुमची सरिता