चाफ्याच्या टेम्पोचं बीजगणित

गिरीज

ती. प्रल्हादमामांना विपुलचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा आणि तुमच्या विरारच्या बिल्डिंगची लिफ्ट, दोन्ही एव्हाना चालायला लागली असतील. इकडे सर्व ठीक, म्हणजे मी ठीक.

सरांशी भांडून कॉलेज सोडलं, पण त्यांचं मॅक्स-प्लस बीजगणित काही सोडलं नाही. त्यात बेरीज म्हणजे दोन आकड्यांतला मोठा घ्यायचा आणि गुणाकार म्हणजे आपली साधी बेरीज. (हसू नका.) आता व्हॅलेरियनअंकलचा टेम्पो घ्या. आमची केळी आधी पोचली नि नंदाखाल गावचा चाफा मागून आला, तर टेम्पो चाफ्याच्या वेळेलाच सुटणार, ही बेरीज. त्यात दादरच्या बाजारापर्यंतच्या रस्त्याचा वेळ मिळवला की गुणाकार. जगात जे जे कुणासाठी खोळंबतं, ते सगळं या गणितात बसतं.

तर टेम्पो रोज उशिरा सुटायचा. परवा अंकल ऋतिकावर (चाफा तीच आणते, आणि बाकीचं आईने तुम्हाला सांगितलंच असेल) खेकसले, "उद्यापासून तुझा चाफा बंद!" माझं डोकं सटकलं. म्हटलं, थांबा, ती निर्दोष आहे हे गणिताने दाखवतो. टेम्पोच्या फाळक्यावर खडूने वाड्यांचे ठिपके काढले, कोण कुणासाठी थांबतं त्याचे बाण काढले. गणितात खोटं चालत नाही, म्हणून माझाही काढला: ऋतिकाची स्कूटी आमच्या वाडीवरून गेल्याशिवाय मी केळी घेऊन निघत नाही. तेवढ्यात तिने खडू हिसकावून उलटा बाण ओढला. "आणि हा येडा रस्त्यातून हटल्याशिवाय मी वळणावरून पुढे येत नाही!"

सगळे खो खो हसले. असं चक्र पडलं की गणिताप्रमाणे टेम्पो कधीच सुटत नाही. आमचा सुटायचा, कारण अंकलच्या हॉर्नला दचकून मी निघायचो. पण मामा, मुद्दा बघा: ती रोज माझ्यासाठी थांबत होती!

तुमचाच,
विपुल

ता. क. तिच्या बाबांकडे, गंगारामकाकांकडे, माझ्यासाठी शब्द टाकाल ना? होकार नक्की आहे.

ता. क. २ काल तिला विचारलं. म्हणाली, आधी कॉलेज पुरं कर, मग बघते. मी म्हटलं, आधी हो म्हण, मग जातो. तिने खडू माझ्या हातात ठेवला आणि ती निघून गेली.

ता. क. ३ गंगारामकाकांकडे आत्ताच जाऊ नका. आमचे सर तुमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, आधी त्यांच्याकडे जा. (लिफ्ट बंद असली तरी.) मला परत घेतील का विचारा. या वेळच्या चक्रात हॉर्नची वाट न बघता मीच आधी निघतोय. आईला मात्र सांगा, तुम्ही ढकललंत.