खुर्ची लागते

६ जून

चि. टिटवीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. सध्या पोट भरलेलंच आहे.

तुझ्या बापाने मला झुलती खुर्ची आणली. आणली माझ्यासाठी, पण डोळा तुझ्या धाकट्या आजीचा. जाऊबाई लोकर-सुया घेऊन खिडकीशी घुटमळतात, मी उठले की टेकायला. म्हणून मी उठतच नाही. ताटसुद्धा तिथेच मागवते.

पण पोटाने संप केलाय. गेलेलं बाहेर यायचं नाव नाही. तोंडाला इतकी कोरड, की पाकिटाचं तिकीट चिकटवायला पाणी मागावं लागलं. अक्षरं एकमेकांत शिरतात, म्हणून हे वाकडंतिकडं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी, १५ तारखेला, भरती व्हा, नळी घालून बघू, आतडं अडलं असेल तर कापावं लागेल. तुझा बाप माझ्यापेक्षा पांढरा पडलाय. तू प्रयोगशाळेत प्राण्यांची आतडी काचेत टांगून पगार घेतेस, तर सांग, माझ्या आतड्याला झालंय काय? पुस्तकी लिहू नकोस, मी चौथीच्या पुढे गेले नाही.

लोभ आहे तेवढा पुरवून वापर.
आजी

८ जून

ती. आजीस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

पत्र वाचून आधी रडू आलं, मग हसू आणि शेवटी शंका. आतड्याच्या भिंतीतले स्नायू कुणाच्या हुकमात नसतात, थेट तुझ्यासारखे. तिथल्या मज्जातंतूतून असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. स्नायूच्या पेशीवर त्याच्यासाठी राखीव जागा असतात, मस्कारिनिक रिसेप्टर म्हणतात त्यांना. ते तिथे बसलं, की आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो आणि पेशीतलं कॅल्शियमचं कोठार उघडतं. कॅल्शियम सुटलं, की स्नायूतले धागे एकमेकांना ओढतात, आतडं आवळतं, आतला माल पुढे सरकतो. माझ्या काचेच्या नळीत, कोमट खाऱ्या पाण्यात टांगलेली आतड्याची पट्टी त्या रसायनाच्या एका थेंबाने गोगलगाईसारखी आक्रसते.

पण काही औषधं त्याच जागा अडवून बसतात. स्वतः काही करत नाहीत आणि ज्याची जागा त्यालाही टेकू देत नाहीत. मग थेंब टाकला तरी पट्टी ढिम्म. अशाच जागा लाळेच्या ग्रंथीत आणि डोळ्यातही असतात. कोरडं तोंड, धूसर नजर, बंद पोट, सगळं एकदम! आजी, कसली गोळी खातेस? सोमवारच्या आत डॉक्टरांना दाखव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी टिटवी

११ जून

चि. टिटवीस,
आजीचे आशीर्वाद, थोडे चिडके.

पकडलंस, मेले. प्रवासात गाडी लागू नये म्हणून घेतात ना, ती गोळी. गाडीत बसले नाही गं, मला खुर्ची लागते. झुलली की ढवळतं. बोलले असते तर धाकटीने त्याच दिवशी खुर्ची पळवली असती! म्हणून सकाळ-दुपार एकेक. डॉक्टरांनी औषधं विचारली, तेव्हा खुर्चीचं औषध कशाला सांगू?

तुझं पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचलं. ‘स्वतः काही करत नाहीत आणि टेकू देत नाहीत’ इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. धाकटीने तर लोकर तोंडात कोंबली हसू दाबायला. तुझ्या बापाने गोळ्यांची पट्टी तडक डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, गोळी बंद, सोमवारपर्यंत वाट बघू.

तोवर लोभ धरून बस, मीही धरूनच बसलेय.
आजी

१३ जून

ती. आजीस,
घाईचा नमस्कार. तुझ्या पोटाची बातमी आल्याशिवाय माझं लक्ष नळीत लागत नाही. आणि खुर्ची सोडलीस का?

लोभ आणि उत्तर दोन्ही लवकर पाठव.
टिटवी

१६ जून

चि. टिटवीस,
रिकाम्या पोटी भरघोस आशीर्वाद.

काल पहाटे संप मिटला. मी आतून ओरडून बातमी दिली, तशी तुझ्या बापाने दाढीचा फेस तसाच ठेवून डॉक्टरांना फोन केला. भरती रद्द, नळी रद्द. हे तिकीट माझ्याच थुंकीने चिकटवलंय.

खुर्ची धाकटीला दिली. राणीसारखी बसली. दोन ओळी विणल्या नाहीत तोच चेहरा हिरवा पडला, पण उठेल तर शपथ! शेवटी हळूच विचारलं, ती गोळी उरलीय का. मी तिच्या हातात तुझं पत्र ठेवलं. अर्धं वाचून उठली.

खुर्ची रिकामीच झुलतेय. तू ये आणि बस.
लोभ वाहता ठेव, अडू देऊ नकोस.
आजी