गप्प राहण्याचा अधिकार आणि मी

तीर्थरूप अर्लीन आत्यास,

लॉस एंजेलिसहून वेंडेलचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? फ्रेस्नोत उकाडा फार असेल, जपून राहा. मी खुशाल आहे. (मध्ये कोठडीत होतो, पण आता बाहेर आहे, लगेच रडू नकोस.)

तुला ठाऊकच आहे, मालिकांमध्ये चोराला बेड्या घालणारा पोलीस मीच असतो. "तुला गप्प राहण्याचा अधिकार आहे. जे बोलशील ते कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं..." एवढंच माझं काम, पण ते मी असं म्हणतो की चोराचेही डोळे भरून येतात. परवा शूटिंग संपल्यावर कपडे बदलायचा कंटाळा आला, म्हणून गणवेशातच अंडी आणायला गेलो. दुकानाच्या दारात एक दांडगा माणूस एका बाईंची पर्स हिसकावून थेट माझ्या अंगावर आला. मी सवयीने खड्या आवाजात सगळं म्हणून टाकलं. तो हात वर करून भिंतीला टेकला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. (खऱ्या टाळ्या, आत्या. आयुष्यात पहिल्यांदा.) तेवढ्यात खरे पोलीस आले. त्यांनी चोराला धरलं, मग माझा प्लॅस्टिकचा बिल्ला पाहिला आणि तोतया पोलीस म्हणून मलाही धरलं.

मी निर्धास्त होतो. मला कुणी गप्प राहण्याचा अधिकार वगैरे वाचून दाखवला नव्हता, आणि मालिकांत तेवढ्यावर खुनीसुद्धा सुटतात. गाडीत मी हे टकरबाईंना, म्हणजे मला पकडणाऱ्या पोलीसबाईंना, ठणकावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते चौकशीच्या आधी सांगायचं असतं. आम्ही तुम्हाला काही विचारलंय का?"

नव्हतंच विचारलं. म्हणून मीच सांगत सुटलो : गणवेश सेटवरून न विचारता आणला, वाटेत प्रत्येक काचेत स्वतःला पाहिलं, चोर घाबरला तेव्हा फारच बरं वाटलं.

"जरा हळू," टकरबाई म्हणाल्या, "लिहून घेतेय."

कोर्टाने मला योलांडा क्विंतेरो नावाच्या वकीलबाई दिल्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "चोराला सांगितलंत, तो गप्प बसला. तुम्हाला काय झालं होतं?"

खरं सांगू? कोठडीत बसल्यावर ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. ते रुबाब दाखवायला नसतंच, आत्या. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला असतं. मी मात्र इतकी वर्षं ते ओरडत होतो.

पण काळजी नको. पर्सवाल्या बाईंनी सरकारी वकिलाला फोन करून चांगलं झापलं. खटला मागे घेतील, असं योलांडाबाई म्हणतात.

तुझा,
वेंडेल

ता. क. दिग्दर्शकाने मला मोठी भूमिका दिली आहे. आरोपीची. दोन भाग पडद्यावर आहे आणि एकही वाक्य नाही.

ता. क. २ : पत्राचं खरं कारण हे. येत्या गुरुवारी न्यायाधीशांसमोर उभं राहायचं आहे. बसने ये, पहिल्या बाकावर बस, आणि मी तोंड उघडताना दिसलो की मोठ्याने खोक.