नऊ नंबरची भेग

१२ एप्रिल २००५
पोचले एकदाची! तिवशापासून दीड कोस आत, बाबांचे जुने दोस्त ताहेरचाचा यांच्या वावरातल्या घरी. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचं शेवटचं सत्र, विषय दुष्काळात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा. बाबा म्हणाले, भेगाच मोजायच्या तर आपल्या जठारपेठेतल्या घराच्या भिंती काय वाईट होत्या! हाजराचाचींनी आल्या आल्या भाकर-झुणका पुढे केला. मी तीन भाकरी हाणल्या.

१४ एप्रिल
आज जयंतीचा दिवस आणि मी घरी अकोल्यात नाही. चाचींनी आठवणीनं खीर केली.
बारा भेगांना खुंट्या ठोकून नंबर दिले. लोखंडी सळई आत सोडायची, खोली वहीत लिहायची. नऊ नंबर सगळ्यांत मोठी: रुंदी अकरा सेंटिमीटर, खोली एकशे चाळीस. चाची रोज सकाळी तिच्यातच तांब्याभर आंबील ओततात! सासूपासूनची रीत. म्हणाल्या, "तहानली जमीन पाय धरते, पोरी. आधी तिले पाजा लागते." माझ्या ओलाव्याच्या नोंदींचा सत्यानाश. हात जोडून पंधरा दिवस थांबा म्हटलं. तुझ्या शिक्षणाचं नुकसान नको म्हणत त्या कबूल झाल्या.

१९ एप्रिल
नऊ नंबर रोज हातभर लांबतेय, घराच्या दिशेनं. आज सळई सत्तरवरच अडली. खाली काहीतरी मऊ होतं. जोर दिला तर खालूनच हिसका बसला आणि सळई गेली. विभागाची सळई, सर मला कच्ची खातील. घुशीचं बीळ असेल.

२२ एप्रिल
चाचींची शेळी नऊ नंबरमध्ये अडकली. ओढून काढली तर मागचे दोन्ही पाय नव्हते, हाडं चावलेली. जिवंत होती. चाचांनी सुरी फिरवली. रक्त भेगेनं ओढून घेतलं, थेंबही वर राहिला नाही. चाचींनी तांब्या मागितला. मी नको म्हटलं. मला अजून आठवडाभराच्या नोंदी हव्या होत्या.

२३ एप्रिल
लांबी कालचीच. दिवसभर हलली नाही.

२५ एप्रिल, सकाळी
चाची मला न सांगता आंबील घेऊन गेल्या. किंकाळी ऐकून चाचा आणि मी धावलो. चाचींचा हात भेगेत कोपरापर्यंत आत, मग खांद्यापर्यंत. कमरेला धरून ओढत होतो. आतून चावल्याचा आवाज येत होता. चाचांनी कुऱ्हाड आणली. मी चाचींचं डोकं मांडीवर दाबून धरलं. एका घावात झालं नाही. दोन घावांतही नाही.
आंबील वरच सांडलीय. आता भेगेला ती नको.

दुपारी
भेग अंगणात आलीय, चाचींच्या रक्तामागून. चाचा तिवशाला जीप आणायला गेलेत. फडकी पुरत नाहीत. चाचींनी विचारलं, "तुह्या नोंदी झाल्या का पुऱ्या?" मी मेले का नाही तेव्हाच?

दोन वाजता
जीप आली. चाचींना आत निजवलं. चाक चिरलेल्या मातीत रुतलंय. चाचा ढकलतायत — भेग ओट्यापाशी — जीपकडे वळली —
शेळी खाल्ली तेव्हा दिवसभर हलली नव्हती. वहीत आहे. माझीच नोंद.

चाचा हाका मारतायत. निघा म्हटलं. मी भेग आणि जीपच्या मधे बसलेय. चप्पल काढली.
रुंदी चाळीस. खोली — सळई नाही — पाय घोट्यापर्यंत. गुडघा — आई गं —
थांबली. थांबली! चाक निघालं, जीप रस्त्याला —
चाची, मीच तुम्हाला नको म्ह—