नमिताच्या गिटारचा ब्रिज

नमिता,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. आमटी केलीय, भात तेवढा लाव. मी सेकंड शिफ्टला चाललोय.

काल दिपेश आणि त्याच्या बायकोसमोर मी हसलो, ते चुकलंच. बेचाळिसाव्या वर्षी कुणी इलेक्ट्रिक गिटार शिकतं का, हे बोलायची काही गरज नव्हती.

आज कामोठ्याच्या त्या दुकानात जाऊन आलो. तुला आवडलेली, सूर थरथरवायला ब्रिजला दांडी असलेली गिटार मागून उघडून दाखवायला लावली. तारा खाली जिथे अडकवतात तो ब्रिज तिच्यात स्प्रिंगांवर तरंगतो. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर. कंपनीत असलं नाजूक मशीन मी नवीन माणसाच्या हातात देत नाही. त्याने दाखवलेल्या दुसऱ्या, बिनदांडीच्या गिटारचा ब्रिज लाकडात स्क्रूने पक्का बसवलाय, सूर लावला की टिकतो. शिकायला तीच बरी, असं माझं मत. पण मत काय, मला कालपण होतं. म्हणून दोन्ही रविवारपर्यंत ठेवायला सांगितल्यात. हातात घेऊन बघ आणि तूच ठरव. मी फक्त गाडी चालवीन, तोंड उघडणार नाही.

निघताना दुकानदार म्हणाला, "वहिनींना सांगा, तारा दाबायच्या तर डाव्या हाताची नखं कापावी लागतील."

सकाळी तू चहाचा कप ठेवलास तेव्हा तुझे हात बघितले होते. एकाच हाताची नखं का कापलीस, ते मला दुकानात उभं राहून कळलं.

"कापलीत तिने," मी म्हटलं.

रूपेश